गाठ काढल्यावर उरलेला माणूस

ज्याच्या डोक्यात गाठ निघाली आहे त्याने, आणि त्याहून जास्त त्याच्या घरच्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. औषधांची नावं यात नाहीत. ती प्रत्येकाची वेगळी असतात आणि माझी मला अजून नीट पाठ नाहीत. ऑपरेशनला भिऊ नका, एवढं आधीच सांगून टाकतो. कवटी उघडतात तेव्हा आपल्याला काहीच कळत नाही. नंतर जे दुखतं ते वेगळंच असतं, आणि त्याबद्दल मला कोणी सावध केलं नव्हतं.

मी अमरावतीला आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. वय बावन्न. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. माझे वडील प्रचारक होते, धामणगावकडच्या खेड्यांतून सायकलवर फिरायचे. मी स्वतः वीस वर्षं आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत मुलांना शास्त्र शिकवलं. मी कमी बोलतो. लोकांनी त्याला माझा चांगुलपणा समजून घेतलं, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

पीकसणाचा दिवस

पीकसणाला लोक हंगामातला पहिला वाटा चर्चमध्ये आणतात. उपासना झाली की पटांगणात त्याचा लिलाव होतो. तुरीच्या शेंगा, कोंबडे, उसाच्या मोळ्या, कुणाच्या घरचा केक. लिलाव बोलायचं काम योहानकाकांचं. सत्तरीचे, रेल्वेतून रिटायर झालेले, मंडळीचे पंच, आणि कुणाचीही टिंगल करायला मोकळे. त्या दिवशी त्यांनी एक भलामोठा भोपळा उचलून धरला.

"हा पाहा, आपल्या सरांच्या डोक्याएवढा हाय. अन् वाजवून पाहा, आतून तेवढाच पोकळ."

लोक हसले. माझी बायको विमलही हसली. दरवर्षी मीही हसायचो. त्या दिवशी मी मोळीतून एक ऊस उपसला आणि योहानकाकांच्या खांद्यावर घातला. ते "अरे" म्हणेपर्यंत दुसरा कानावर. भोपळा खाली पडून फुटला. तिसरा, चौथा. ऊस मोडल्यावर हातात उरलेल्या तुकड्याने. त्यांचा कान फाटला होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उतरत होतं. ते मला स्पष्ट दिसत होतं. आणि आत मोकळं वाटत होतं, शिंक येऊन गेल्यावर वाटतं तसं.

मग मीच पडलो. पुढचं विमलने सांगितलेलं. दातखीळ बसली, जीभ दाताखाली आली, टाचा मातीत घासत होत्या. तिघांनी मला दाबून धरलं आणि एक जण छातीवर बसून सैतानाला निघून जायला सांगू लागला. तुमच्या घरी असं झालं तर माणसाला कुशीवर वळवा आणि बाजूला व्हा. छातीवर बसू नका. हे मला दवाखान्यात कळलं.

त्याआधीची दोन वर्षं घरात अशीच गेली होती. भाजीत मीठ कमी म्हणून मी कढई भिंतीवर मारली, गरम तेलासकट. विमलचा पुढचा दात माझ्या हाताने पडला. वर्कशॉपमध्ये एका मुलाने लोखंड घासायची फाइल उलटी धरली म्हणून मी त्याची बोटं व्हाइसच्या जबड्यात धरली आणि दांडा अर्धा आटा फिरवला. त्याचं तोंड पांढरं पडलेलं पाहून सोडलं. मी कुणाला काही बोललो नाही. विमलही बोलली नाही. आमच्या घरात न बोलणं हे जुनंच काम होतं.

फिल्म

अमरावतीला डोक्याचा पहिला फोटो काढला आणि तिथूनच अकोल्याला पाठवलं. डोक्याचे सर्जन तिथे होते, आणि आमची मुलगीही तिथेच.

मुलीचं नाव सुवार्ता. माझ्या वडिलांनी ठेवलेलं. घरात सुवू. अकोल्यात नर्स आहे. अठरा वर्षांची झाल्याबरोबर ती नर्सिंगला गेली ती परत राहायला आलीच नाही. लग्नाला तिने मला बोलावलं, पण हात धरून वेदीपर्यंत तिला नेलं तिच्या मामाने. मी तिसऱ्या बाकावर बसून ते पाहिलं. सात वर्षांत आमचं बोलणं म्हणजे मयतीच्या घरी "जेवले का" आणि "जेवलो".

ती दवाखान्यात आली तेव्हा तिला पाचवा महिना लागला होता. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. कपाळामागे मोठ्या लिंबाएवढा पांढरा गोळा.

"कॅन्सरची दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण जागा वाईट आहे. माणसाला आवर घालणारा भाग आहे हा. राग येतो सगळ्यांनाच. थांब म्हणणारं जे असतं, ते यांचं दाबलं गेलंय."

सुवूने विचारलं, "सर, किती जुनी असेल?"

"ही सावकाश वाढते. दहा वर्षं. पंधरा-वीसही असतील. नेमकं कोणी सांगू शकत नाही."

ती फिल्मसमोर उभी राहिली. डावा हात वर केला आणि त्या पांढऱ्या गोळ्यावरून बोट फिरवलं. तिचा डावा हात मनगटाच्या वर थोडा बाहेर वाकलेला आहे. नर्सच्या बाहीत तो लपत नाही. बाहेर बाकावर आल्यावर ती माझ्याशेजारी बसली. किती वर्षांनी शेजारी बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "मंग ते तुमी नव्हतेच."

मी मान हलवली.

हे सगळं मी त्या एका होकारासाठी लिहितो आहे.

संध्याकाळी तिने विमलला सांगितलं, "आई, बाळंतपनाले मी घरीच येते. अमरावतीले." विमल चेहऱ्यावर पदर घेऊन रडली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आमच्या पोरीने ते नको म्हणून कधीच सांगून टाकलं होतं, आणि चर्चच्या बायकांना विमल काय काय कारणं देत होती ते मला माहीत होतं.

हात बांधले त्याबद्दल

ऑपरेशन सहा तास चाललं म्हणे. शुद्धीवर येताना मी माणसात नव्हतो. नाकातली नळी उपटली. एका सिस्टरच्या तोंडावर बुक्की मारली, तिचा ओठ फुटला. दुसरी माझे पाय धरायला आली तिला लाथ घातली. असं होतं, घाबरू नका, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण ज्या सिस्टरचा ओठ फुटतो तिला ते सांगून उपयोग नसतो.

सुवूने खास परवानगी काढून आत येऊन माझी मनगटं गॉजच्या पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधली. हे मला आठवतं. तिची बोटं भरभर चालत होती. गाठ मारून तिने पट्टीखाली एक बोट घालून पाहिलं, रक्त चालतंय का.

"टोचते काय?"

"नाही."

"थोडं सैल करून देऊ?"

"नको."

दुसऱ्या दिवशी शुद्ध आली तरी मी त्या पट्ट्या सोडू नका म्हणालो. माझ्या हातांची मला इतकी खातरी कधीच नव्हती.

चौथ्या दिवशी वॉर्डात आणल्यावर आमचे पाळकसाहेब अमरावतीहून भेटायला आले. चांगला माणूस. प्रार्थना केली, मग सुवूला समजावल्यासारखं म्हणाले, "अशी गाठ सगळ्यांच्यात असते बाई. आदामापासून आलेली. जन्मतःच असते. डॉक्टरांनी पप्पांची एक काढली, दुसरी प्रभू काढेल."

सुवू सलाइनची बाटली बदलत होती. "नाई, पाळकसाहेब. मी लेबर रूममध्ये तीन वर्षं काढली. लेकरू येते ते देवाच्या प्रतिरूपात येते. गाठ मंग होते."

"मग पाप कुठून येतं?"

"ते तुमी शिकले. मी लेकरं पाहिले."

पाळकसाहेब हसले. ती पण हसली. माझ्या बांधलेल्या डोक्यावरून असा त्यांचा वाद चालला होता आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. मला दोघांचंही पटत होतं. पाळकसाहेबांचं खरं असेल तर ते आदामाचं, माझं नाही. पोरीचं खरं असेल तर ते गाठीचं. वरची घाण काढली की आत देवाने घडवलेला चांगला माणूस निघेल. दोन्हीकडून मी सुटत होतो. इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि ते हलकेपण खोटं आहे हे फक्त मलाच माहीत होतं.

सोळा वर्षांपूर्वी

माझे वडील मारायच्या आधी गुडघे टेकायचे. मग वेळूची छडी. "मी तुले नाई मारत, तुह्यातल्या जुन्या मानसाले मारतो," असं म्हणायचे. जुना माणूस म्हणजे जन्मतःचा पापी स्वभाव. मी सात वर्षांचा असताना पाठीवर पुस्तक बांधलं तर कमी लागेल म्हणून बांधून पाहिलं. त्यांना ते सापडलं. त्या दिवशी त्यांनी माझे पाय निवडले. तीन दिवस मी भिंत धरून चाललो. म्हणजे मला ते माहीत होतं. काय वाटतं ते मला पूर्ण माहीत होतं.

सुवू नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी रविवारच्या शाळेची परीक्षा होती. विमल महिला मंडळाच्या प्रार्थनेला गेली होती. दुपारची वेळ. सुवू प्रश्नोत्तरं लिहीत होती आणि मी वर्कशॉपची दोन फुटी स्टीलची पट्टी घेऊन तिच्या वहीत समास आखत होतो. प्रश्न होता, माणूस जन्मतः कसा असतो. उत्तर, पापी.

"पप्पा, मागच्या पानावर हाय, देवानं मानसाले आपल्यासारखं बनवलं. मंग मी कोनतं लिहू?"

"दोन्ही खरं आहे. इथं पापी लिही."

तिने मागचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, "मंग देव पन पापी हाय काय?"

नऊ वर्षांच्या मुलीने यापेक्षा सरळ काय विचारावं. मी पट्टी मारली. पाठीवर, मांडीवर, चार-पाच. ती रडत म्हणाली, "पन मले सांगा न पप्पा." मला उत्तर येत नव्हतं. अजून दोन मारल्या.

मग मी थांबलो.

हे नीट वाचा. मी पट्टी टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात गेलो. माठातलं पाणी घेतलं, उभ्याने प्यायलो, स्टीलचा ग्लास ओट्यावर ठेवला. शेजारच्या बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या, त्या दिसल्या. मी पुढच्या दाराची कडी लावली. टीव्हीचा आवाज वाढवला. मग परत खोलीत आलो.

सुवूने डोळे पुसून पेन्सिल हातात घेतली होती. वही उघडी होती. तिने उत्तर लिहिलं होतं. पापी. वळणदार अक्षरात, पूर्णविराम देऊन. मी ते वाचलं. उत्तर बरोबर होतं. आता मारायला कारण उरलं नव्हतं.

मी पट्टी उचलली, कडेने धरली, आणि "तुले नाई मारत, तुह्यातल्या जुन्या मानसाले मारतो," असं म्हणालो. शब्दही वडिलांचेच. तिने डावा हात आडवा धरला. ओली काडी मोडावी तसा आवाज आला. त्यानंतरही मी दोनदा मारलं.

विमल आली तेव्हा तिने काही विचारलं नाही. हात सुजून निळा होईपर्यंत आम्ही हळद लावली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. विमलने सांगितलं, झोक्यावरून पडली. हाड तोवर वाकडं धरलं होतं.

डॉक्टर म्हणाले तशी गाठ तेव्हाही असेल. असू दे. थांब म्हणणारं जे असतं ते दाबलेलं असतं, असं ते म्हणाले होते. माझं दाबलेलं नव्हतं. त्याने मला थांब म्हटलं, मी थांबलो, पाणी प्यायलो, आणि परत गेलो.

विमल

सुट्टी झाल्यावर आम्ही सुवूच्या घरी राहिलो, टाके निघेपर्यंत. ती आणि जावई विनीत ड्यूटीवर गेले की मी आणि विमल दोघंच. एका सकाळी ती मेथी निवडत होती. मी म्हणालो, सुवूला खरं सांगतो.

तिचे हात थांबले नाहीत. "काय खरं?"

"तिच्या हाताचं."

"तिनं सोताहून म्हटलं, गाठ होती. तुमी म्हटलं काय? नाई. डॉक्टरनं म्हटलं, तिनं म्हटलं. देवानं वाट काढली न जी. माही पोरगी बाळंतपनाले घरी येऊन राहिली. तुमाले काहून सुचते हे?"

"ती बाळ घेऊन येणार आहे, विमल. कुणाच्या घरी येतेय ते तिला माहीत पाहिजे."

"आता तं गाठ नाई."

"तेव्हाही मी होतो."

तिने मेथीची जुडी परातीत आपटली. "तुमाले मोकळं व्हाचं हाय. बस. तुमी सांगून मोकळे होसान, अन् माह्या हातून लेकरू जाईन. अन् झोक्याचं कोन सांगीन? ते मी म्हटलं होतं. तुमी नाई."

तिच्यावर हात टाकायचा झाला तर तो याच वेळी पडला असता. मी वाट पाहिली. राग आला, नेहमीसारखाच, मानेतून वर. गाठ गेली होती आणि राग तिथेच होता. मी उठून गॅलरीत गेलो आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभा राहिलो. त्या क्षणी मला पक्कं कळलं की सांगावंच लागेल.

पिना

डोक्याला दोऱ्याचे टाके नव्हते, स्टीलच्या पिना होत्या. बाराव्या दिवशी सकाळी सुवूने गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, हात धुतले, हातमोजे घातले, चिमटा घेतला.

"मान खाली, पप्पा. मोजते मी, म्हनजे एखांदी राहत नाई."

पिन निघताना मुंगी चावल्यासारखं होतं. ती काढलेली प्रत्येक पिन वाटीत टाकत होती. नऊ. दहा. अकरा.

"सुवू, तुझा हात गाठीने मोडला नाही."

टिंग. "बारा."

"मी मध्ये थांबलो होतो. स्वयंपाकघरात जाऊन..."

"पानी पेले," ती म्हणाली. "हालू नका."

मी हललो नाही.

"ग्लास ठेवल्याचा आवाज आला होता मले. मले वाटलं, संपलं." टिंग. "तेरा. मंग कडीचा आवाज आला."

"तुला माहीत होतं."

"सोळा वर्षं माहीत हाय. गाठ दिसली तं मले वाटलं, धरून पाहू. माह्या लेकराले आजोबा होतीन." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "तुमी मान हलवली न तवाच मले समजलं होतं. तरी धरून होती."

मला तिथेच थांबता आलं असतं. पण एक गोष्ट उरली होती.

"तू उत्तर लिहिलं होतंस. पापी. मी परत आलो तेव्हा वाचलं होतं. वाचून मारलं."

चिमटा माझ्या कातड्याला टेकलेला होता. तो तसाच राहिला. खाली रस्त्यावर भाजीवाला गाडी ढकलत ओरडत गेला. 

"वाचलं होतं?"

"हो."

"मले वाटे तुमी पाहिलंच नाई," ती म्हणाली. "मले वाटे, मी वही पटकन वर करून दाखवली असती, तं मारातून वाचली असती. किती वर्षं मले सपनात वही दाखवाची राहून जाते."

तिने बाहीने नाक पुसलं. आत जाऊन पुन्हा हात धुतले, नवीन हातमोजे घातले. बाकीच्या पिना तिने आधीपेक्षाही हळू काढल्या. शेवटची बत्तीस. कापसाने जखम पुसली, वाटी उचलली, आणि आत जाता जाता म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं तुमी दोघं घरी जा. बाळंतपन मी इथंच करते. आई आली तं आईले ये म्हना. गोळ्या चुकवू नका, चुकल्या तं फिट येईन."

निघताना तिने गोळ्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या पुड्या बांधून दिल्या. प्रत्येक पुडीवर वार लिहिला होता. विमल गाडीत बडनेऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि त्यानंतर महिनाभर.

मंडळीपुढे

आमच्यात आजारातून उठलेला माणूस मंडळीपुढे साक्ष देतो. देवाने कसं वाचवलं ते सांगतो, लोक हालेलुया म्हणतात, मग चहा होतो. पाळकसाहेबांनी माझी साक्ष ठेवली. लोकांना गाठीची गोष्ट ऐकायची होती. गाठीची गोष्ट सांगायला फार सोपी आहे, आणि तुमच्यातल्या कुणाला ती सांगायची पाळी येईल म्हणून सांगतो, ती अर्धी खरी असते. त्यामुळेच ती फार चिकटते.

मी आधी योहानकाकांची माफी मागितली. मग पट्टी, ग्लास, कडी, टीव्ही आणि वही, या क्रमाने सगळं सांगितलं. रविवारच्या शाळेतल्या मुलांना मी वीस वर्षं ती पापी जन्मली असं शिकवलं, हे सांगितलं. मी कसा जन्मलो ते मला माहीत नाही, पण पाणी पिऊन परत खोलीत गेलो तो मी स्वतः गेलो, एवढं मला माहीत आहे, असं म्हणून खाली बसलो. कुणी हालेलुया म्हटलं नाही. मग मागून, बायकांच्या बाजूने, विमल उठून उभी राहिली. "झोक्यावरून पडली म्हनून मी सांगतलं होतं," एवढंच म्हणाली आणि बसली.

रविवारची शाळा मी सोडली. सोडली नसती तरी काढून घेतली असती, आणि घ्यायलाच हवी होती. व्हाइसमध्ये बोटं धरली त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. त्याच्या वडिलांनी दारातच ऐकून घेतलं, दार लावलं.

बाहेर चहाला कोणी जवळ येईना. योहानकाका आले. त्यांच्या कानाची पाळ अजून दोन तुकड्यांत शिवल्यासारखी दिसते.

"सर, एक सांगा. माह्या कानाचं काय? तो गाठीनं फाडला का तुमी?"

"माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही."

त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. "मंग अर्धं अर्धं धरून चालू," म्हणाले. "पन भोपळा पुरा तुमचा. तो भरून द्या."

अकोल्याला

सुवूला मुलगी झाली. विमल दोन महिने तिथे राहिली. मी अमरावतीला गोळ्या वेळेवर घेतल्या, स्वयंपाक शिकलो, सहा महिन्यांनी डोक्याचा फोटो काढून आलो. जागा रिकामी आहे. डॉक्टरांना विचारलं, यातलं किती गाठीचं होतं आणि किती माझं. ते म्हणाले, "फिल्मवर तशी रेघ दिसत नसते हो." प्रामाणिक माणूस.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सुवूचा फोन आला. "पाहाले या. एक तास."

मी आणि विमल गेलो. विनीतने दार उघडलं. मला खुर्ची दिली आणि स्वतः माझ्या व पाळण्याच्या मध्ये पलंगावर बसला. मला त्याचं बरं वाटलं. सुवूने बाळ उचललं, वाकड्या हातावर त्याचं डोकं घेतलं आणि चार पावलांवर उभी राहिली.

"इथून पाहा."

मी पाहिलं. बाळ भुकेलं होतं की काय, लालबुंद होऊन ओरडत होतं, मुठी आवळलेल्या, पाय झाडत होतं. माझ्या वडिलांनी त्या मुठी पाहून सांगितलं असतं, पाहा, जुना माणूस. मीही सांगितलं असतं, बरीच वर्षं. आता मला त्या दोन मुठी दिसत होत्या, शेंगेच्या दाण्याएवढी नखं असलेल्या. त्यांनी अजून कुणाला काही केलेलं नव्हतं. देवाचं प्रतिरूप कसं असतं ते मला सांगता येणार नाही. पण मी ते आधी एकदा पाहिलेलं आहे, पेन्सिल हातात धरलेलं, आणि तेव्हाही ते मला दिसत होतं.

"पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे," विनीत म्हणाला.

मी सुवूकडे पाहिलं. "येऊ का?"

"मागच्या बाकावर बसा."

मग तिने बाळ विमलकडे दिलं, आत गेली आणि पाणी घेऊन आली. स्टीलचा ग्लास. तो तिने माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. मी पाणी प्यायलो. शेजारी टीपॉय होता. मी ग्लास खाली ठेवला नाही. तास होईपर्यंत रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो, आणि उठताना तो परत तिच्या हातात दिला.